सोमवारच्या गोळ्या : सरकारी औषध खिडकीवरचं एक प्रकरण

"साहेब, सोमवारच्या गोळ्या न्हाईत का ह्यात?"

"आता ह्याच आल्यात, मावशी. रोज एक, जेवल्यावर. चला, पुढचे."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांवर उभं आहे, आणि दुसरं वाक्य माझं आहे. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. लोकांच्या भाषेत औषधाच्या खिडकीवरचा साहेब. रुग्णालयाचं नाव देत नाही आणि मावशींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चिठ्ठीवर काय होतं, गोळ्या किती गेल्या आणि मधे किती दिवस गेले, हे मात्र होतं तसंच ठेवलंय.

मावशी पंचावन्नच्या आसपासच्या. शेतमजुरी करतात. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, मनगट सुजतं, भाकरी थापता येत नाही. दोन वर्षांपासून आमच्याकडे मेथोट्रेक्सेट चालू होतं आणि चांगलं लागू पडलं होतं. पुन्हा खुरपणीला जायला लागल्या होत्या.

मेथोट्रेक्सेट मूळचं कर्करोगाचं औषध. आमवातावर ते फार कमी मात्रेत देतात, आणि आठवड्यातून एकदाच. तेवढं घेतलं तर गुणाचं. तीच गोळी रोज घेतली तर ती अस्थिमज्जेवर उठते, म्हणजे जिथं रक्त तयार होतं तिथंच घाव बसतो. रोज एक आणि आठवड्याला एक यांची गल्लत होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. मी बी.फार्म.ला असताना आमच्या सरांनी हे औषध फळ्यावर लिहून त्याभोवती चौकोन काढला होता. तो चौकोन मला आजही आठवतो. आठवत असूनही वरचं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

मावशींना अक्षरओळख नाही. पण त्यांची स्वतःची पद्धत होती आणि ती पक्की होती. त्यांच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. बाजाराच्या दिवशी दुपारी जेवून तीन पिवळ्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची एक, बाकी आठवडा सुटी. अडीच मिलिग्रॅमच्या तीन, म्हणजे साडेसात. दोन वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. त्या या औषधाला नावाने ओळखतच नव्हत्या. त्यांच्यासाठी त्या सोमवारच्या गोळ्या होत्या.

त्या गुरुवारी काय काय जुळून आलं

२०२३चा पावसाळा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे खेड्यातून येणाऱ्या बायकांची संख्या खिडकीवर डोळ्यांनी दिसेल इतकी वाढली होती. ही चांगलीच गोष्ट. खिडक्या मात्र तीनच राहिल्या.

मावशींचा जुना केसपेपर दोन पावसाळे पिशवीत राहून घड्यांवर फाटला होता. नोंदणीच्या खिडकीवर नवा पेपर मिळाला. तिथे संगणक आहे. आधार दाखवलं, आभा, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक निघाला, चौदा आकडी, टोकन छापून आलं. चार मिनिटांचं काम, बिनतक्रार झालं. तो नवा, कोरा, संगणकाने छापलेला केसपेपर घेऊन मावशी मेडिसिनच्या ओपीडीत गेल्या.

जुनं औषध नव्या पेपरवर उतरवायचं काम इंटर्नकडे असतं. समोर नव्वद रुग्ण, वेळ साडेतीन तास, म्हणजे माणशी सव्वादोन मिनिटं. जुन्या पेपरवर लिहिलेलं होतं 'एमटीएक्स ७.५ ओडब्ल्यू'. इंग्रजी आद्याक्षरांत, निळ्या बॉलपेनने. एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, ओडब्ल्यू म्हणजे आठवड्यातून एकदा. कागदाची घडी नेमकी डब्ल्यूवरून गेली होती. घडीच्या उजवीकडची शाई घासून गेली होती आणि डावीकडे उरली होती एक उभी रेघ नि तिला चिकटलेलं अर्धं वळण. मी तो कागद नंतर हातात घेऊन, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलाय. कुणालाही 'डी' दिसला असता. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. त्या मुलाने ओडी लिहिलं, पुढे 'गुणिले १५' लिहिलं, कारण आमच्याकडे जुनाट आजाराची औषधं पंधरा दिवसांची देतात. खाली निवासी डॉक्टरची सही झाली.

एक वर्ष आधी हे असं झालं नसतं, किंवा व्हायची शक्यता कमी होती. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तेव्हा एक संगणक प्रणाली चालू होती, एचएमआयएस. ती काही आदर्श नव्हती. बऱ्याच विभागांत तिचा उपयोग नोंदणी, पावत्या आणि रक्ताचे रिपोर्ट यापुरताच व्हायचा. पण आमच्या मेडिसिनच्या एका युनिटमधल्या डॉक्टर मॅडम हट्टाने औषधंही तिच्यातच भरत. मावशींचं मेथोट्रेक्सेट त्यांनीच सुरू केलं होतं आणि मात्रेपुढे 'आठवड्यातून एकदा, सोमवार' असं स्वतः टाइप केलं होतं. २०२२च्या जुलैमध्ये शासन आणि कंत्राटदार यांच्यातल्या वादात ती प्रणाली बंद पडली. एके सकाळी पडदा उघडलाच नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी कुठल्या तरी सर्व्हरवर असतील, पण ओपीडीतल्या टेबलावरून त्या दिसेनाशा झाल्या. आम्ही कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. काही महिन्यांनी दुसरी प्रणाली आली ती नोंदणीच्या खिडकीपुरती. मॅडमची बदली झाली होती. मावशींचा सोमवार आता फक्त एका फाटक्या कागदावर आणि मावशींच्या डोक्यात उरला होता.

डोक्यातला सोमवारही पुसला, तो माझ्या गोदामाने. अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा पुरवठा त्या तिमाहीत आलाच नव्हता. साडेसातच्या आल्या. औषधखरेदीची कथा वेगळी आहे. २०१७ पासून ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, मग २०२३मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खिडकीवर बसणाऱ्याला यातलं एवढंच कळतं की मागितलं एक आणि आलं दुसरं. कागदोपत्री काही बिघडत नाही, तीन गोळ्यांऐवजी एक. पण ज्या बाईचं सगळं औषध 'तीन पिवळ्या, बाजारचा दिवस' या खुणेवर चालतं, तिच्या हातात एकच गोळी पडली की ती खूणच गेली. तीन गोळ्या रोज घ्या म्हटलं असतं तर मावशी नक्की अडल्या असत्या. रोज एक गोळी मात्र कुणालाही नैसर्गिक वाटते. रक्तदाबाची रोज एक, साखरेची रोज एक, तशीच ही.

तरीही त्या अडल्याच. विचारलं त्यांनी. मी उत्तर दिलं.

वेळ बारा वाजून काही मिनिटं. ओपीडी साडेबाराला संपायची, म्हणजे रांग सगळ्यात लांब असते ती वेळ. सकाळपासून तिन्ही खिडक्या मिळून चारशेच्या वर चिठ्ठ्या गेल्या होत्या. चार तास, तीन खिडक्या, चारशे चिठ्ठ्या: प्रत्येकीला पावणेदोन मिनिटं, त्यात चिठ्ठी वाचायची, पाच-सहा औषधं काढायची, कापायची, मोजायची, रजिस्टरला चढवायची आणि रुग्णाला सांगायचं. सांगायला शेवटचे आठ-दहा सेकंद उरतात. पंधरा गोळ्या कात्रीने कापल्या. कापताना स्ट्रिपवरचं नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलं आणि मावशींच्या तुकड्यावर नुसती चंदेरी पाठ आली. हेही रोजचंच. कागदी पाकिटावर सूर्याचं चित्र असतं, त्याच्यावर मी बरोबरची खूण केली. पाकिटावर सूर्य आहे, अर्धा सूर्य आहे, चंद्र आहे. वार लिहायला जागाच नाही.

पिशवी

अकराव्या दिवशी, सोमवारी, मावशी पुन्हा खिडकीवर. बरोबर सून. मावशी बोलत नव्हत्या, पदर तोंडाला लावलेला. सून म्हणाली, "तोंड आलंय. आठ दिस झाले, पाणीसुद्धा गिळवत न्हाई. तोंडाला लावायचं औषध लिहून दिलंय, तेवढं द्या."

मधल्या काळात काय झालं ते सुनेकडूनच कळलं. आधी घरच्यांनी उष्णता धरली. सब्जा भिजवून दिला, गुलकंद दिला, तिखट बंद केलं. मग शनिवारी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत. "वाताच्या." बी-कॉम्प्लेक्स देऊन आणि जेल लिहून पाठवलं. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. तोंड येणं आणि वाताच्या गोळ्या, यातून कुणी काय ओळखावं? मावशींकडे चौदा आकडी आभा क्रमांक होता, आरोग्य केंद्रातही संगणक होता, आणि या क्रमांकामागची कल्पनाच अशी की एका दवाखान्यातली नोंद रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला दिसावी. पण दिसायला आधी कुणीतरी भरावी लागते. मावशींचं मेथोट्रेक्सेट आमच्याकडे कुठल्याच संगणकात नव्हतं, ते केसपेपरवर होतं, आणि केसपेपर घाईत घरी राहिला होता.

मी जेल काढून दिलं आणि सवयीने म्हटलं, "जुन्या गोळ्या आणल्यात का? दाखवा." सुनेने पिशवी जाळीखालच्या फटीतून आत सरकवली. प्लास्टिकची, एका कापड दुकानाची, चुरगळून मऊ झालेली. आत तीन पाकिटं. एकात चंदेरी पाठीचा तुकडा, पाच पिवळ्या गोळ्या शिल्लक. पंधरातून पाच. म्हणजे दहा गेल्या.

दहा दिवसांत एकच सोमवार येऊन गेला होता. जायला हवी होती एक गोळी.

मी खिडकी बंद केली. रांगेतून आरडाओरडा झाला, तो ऐकूही आला नाही. मावशींना हाताला धरून वर मेडिसिनला नेलं. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी चौदाशे, जिथं किमान चार हजार हव्यात. प्लेटलेट बेचाळीस हजार, जिथं दीड लाख हव्यात. रात्री ताप चढला. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा, फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन, कर्करोग विभागाच्या साठ्यात होतं, ते लगेच मिळालं. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सलाइन. चार दिवस काही खरं नव्हतं. पाचव्या दिवशी पेशी वर यायला लागल्या. तेराव्या दिवशी मावशी घरी गेल्या.

जाताना सून मला म्हणाली, "आमचंच चुकलं असंल, साहेब. नीट विचारायला पायजे हुतं." मी खाली मान घालून उभा होतो. नीट विचारलंच होतं की त्यांनी.

खुलासा

नियमाप्रमाणे मला ज्ञापन मिळालं. 'आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' इंटर्नला मिळालं, निवासी डॉक्टरला मिळालं. समितीची बैठक झाली आणि इतिवृत्तात वाक्य आलं: 'सर्व संबंधितांना समज देण्यात आली असून भविष्यात दक्षता घेण्यात यावी.' औषधाचा दुष्परिणाम म्हणून राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाचा अर्जही भरला, जो पुढे गाझियाबादला जातो. तो मी स्वतः भरला, हाताने, कार्बन घालून.

खुलाशात मी हात झटकले नाहीत. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमांत चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला समजावणं हे फार्मसिस्टचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात एक खटला गाजला होता. डॉक्टरने ॲमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं, अक्षर वाईट, फार्मसिस्टने डाओनिल वाचून मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने डॉक्टरवर पंचवीस टक्के आणि फार्मसिस्टवर पंचाहत्तर टक्के जबाबदारी टाकली. कारण सरळ होतं: अक्षर फसवं असलं तरी मात्रा आणि गोळ्यांची संख्या सांगत होती की हे मधुमेहाचं औषध असू शकत नाही. तो निकाल मी विद्यार्थ्यांना सांगतो. आता स्वतःला सांगावा लागला. मेथोट्रेक्सेटच्या पंधरा गोळ्या कापताना माझा हात थांबायला हवा होता. मावशींसारख्या आमवाताच्या रुग्णाला साडेसातच्या महिन्याला चारच लागतात.

पण अक्षर सुधारा आणि दक्षता घ्या यावर हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही. ठळक, सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत, औषधाच्या मूळ नावाने लिहा, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. उच्च न्यायालयांनी निरनिराळ्या राज्यांत कान उपटून झाले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पंजाब आणि हरियाणाच्या उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी हा रुग्णाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. सगळं बरोबरच आहे. आमच्या इंटर्नचं अक्षर मात्र उत्तम होतं, छापल्यासारखं. त्याने जे चुकीचं वाचलं, ते अत्यंत सुवाच्य लिहिलं.

मला या प्रकरणात खुपतं ते वेगळंच. त्या गुरुवारी मावशींच्या वाटेवर संगणक दोनदा आला. पहिला दारात, नोंदणीला. दुसरा गोदामात. आमच्याकडे साठ्यासाठी ई-औषधी ही प्रणाली आहे, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची. ती तिचं काम चोख करते. कुठल्या बॅचच्या किती गोळ्या आल्या, किती गेल्या, मुदत कधी संपते. त्या संध्याकाळी मी ओपीडीचा एकूण खर्च तिच्यात भरला तेव्हा मेथोट्रेक्सेट साडेसात, इतक्या गोळ्या कमी, असं तिने इमानाने नोंदवलं. त्या इतक्यांत मावशींच्या पंधरा होत्या. किती माणसं दारातून आत आली ते एक यंत्र जाणतं, किती गोळ्या मागच्या दाराने बाहेर गेल्या ते दुसरं. कुठली गोळी कुठल्या माणसाला, किती वेळा, हा हिशेब मधल्या साठ पावलांत होतो: डॉक्टरचं टेबल ते माझी खिडकी. तिथं कागद आहे.

हे असं का, याचं उत्तर मला वरिष्ठांच्या आळसात सापडत नाही. दारात गर्दी मोजली की अहवाल तयार होतो, गोदामात गोळ्या मोजल्या की लेखापरीक्षण सुटतं. दोन्हीकडे आकडा वर कुणीतरी मागतो. मधला आकडा, म्हणजे किती रुग्णांना योग्य मात्रा योग्य सूचनेसह मिळाली, हा आजवर माझ्याकडे कुणी मागितलेला नाही.

दुसरं कारण माझ्या टेबलावरच आहे. संगणक वापरा असे आदेश मी माझ्या नोकरीत कितीदा तरी पाहिले. अमुक रजिस्टर बंद करा असा आदेश एकदाही पाहिला नाही. ई-औषधी आली, तरी साठा नोंदवही राहिली, दैनंदिन खर्चाची वही राहिली, चिठ्ठीची कार्बन प्रत जपून ठेवणं राहिलं, कारण ऑडिटवाले येतात तेव्हा कागद मागतात. पडद्यावर दाखवलं तर म्हणतात, प्रिंट काढून सही करून द्या. जुनी एचएमआयएस चालू होती तेव्हाही मॅडम सोडून बाकीचे डॉक्टर तिच्यात औषधं का भरत नव्हते? एका ओपीडीत तीन डॉक्टर, संगणक एक. लॉगिन सकाळी उशिरा लागायचं. औषध भरायला दीड मिनिट, आणि भरूनही केसपेपरवर हाताने लिहावं लागायचंच, कारण माझ्या खिडकीवर पडदा नव्हता, मी कागदावरच औषध देत होतो. सव्वादोन मिनिटांतली दीड मिनिटं अशा कामाला कोण देईल, ज्याचा उपयोग पुढच्या खिडकीलाही नाही? मॅडम देत होत्या. म्हणून लोक त्यांना जरा विक्षिप्त समजत.

शिक्का

ज्ञापनाला खुलासा दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन शिक्का करून आणला. रबरी, लाल शाईचा. 'आठवड्यातून फक्त एकदा', खाली 'वार' आणि पुढे मोकळी रेघ. खर्च खिशातून. स्थानिक खरेदीतून मागवला असता तर तीन कोटेशनं लागली असती आणि अजून फाइल फिरत असती.

बाकीचं अगदीच साधं. मेथोट्रेक्सेट नेहमीच्या रॅकवरून काढून कुलूप असलेल्या खणात ठेवलं. किल्ली माझ्याकडे, म्हणजे देणाऱ्याला उठून यावं लागतं आणि तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत. स्ट्रिप कापायची नाही. कापावीच लागली तर नाव असलेला तुकडा रुग्णाला. आणि रुग्णालाच विचारायचं, "कुठल्या वारी घेता?" आपण सांगायचं नाही, त्यांच्या तोंडून वार काढायचा. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२०मध्ये असंच सांगितलंय: वार रुग्णाशी बोलून ठरवा, चिठ्ठीवर पूर्ण लिहा, आणि एकाच ताकदीची, सहसा अडीचची गोळी द्या. शेवटचं आमच्या हातात नाही, जे येईल ते येतं. मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी मात्र माझ्या एका पत्रावर आद्याक्षरं बंद केली. एमटीएक्स लिहिलेली चिठ्ठी आता मी परत पाठवू शकतो, आणि पाठवतो. सुरुवातीला निवासी डॉक्टर वैतागले. एकाने फोनवर ऐकवलंही, "सर, तुम्हाला एमटीएक्स कळत नाही का?" मी म्हटलं, "कळतं. तेच तर झालं."

पुढच्या वर्षी मेडिसिनच्या ओपीडीत नव्या प्रणालीवर चिठ्ठी छापायचा प्रयोग सुरू झाला. मला फार आनंद झाला होता. पहिल्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन एका निवासी डॉक्टरच्या मागे उभा राहिलो. औषधाचं नाव टाकलं की मात्रेची यादी उघडते. सगळ्यात वर, आपोआप निवडलेलं, ओडी. 'आठवड्यातून एकदा' शोधायला यादी खाली सरकवावी लागते. मोजलं मी, चौदावी ओळ. ज्याच्यासमोर नव्वद माणसं उभी आहेत तो चौदाव्या ओळीपर्यंत रोज जाईल, पण एखाद्या दिवशी जाणार नाही. घडी पडलेल्या कागदावर निदान शंका घ्यायला जागा असते. छापील ओडीवर कोण शंका घेणार? अमेरिकेतल्या औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने २०१४ सालीच सांगून ठेवलंय की पोटात घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला संगणकात आपोआप आठवड्याचीच मात्रा यावी, रोजची निवडायची तर कारण विचारलं जावं. आमच्या एका औषधापुरता एवढा बदल करा, असं पत्र मी दिलं. जावक क्रमांक पडलाय. स्मरणपत्र दोनदा गेलंय. उत्तर आलं ते असं, की मागणी 'पुढील आवृत्तीसाठी विचारार्थ' नोंदवली आहे.

तेव्हा सध्या असं चालतं. वरून छापील चिठ्ठी येते, स्वच्छ, सरळ, बारकोडसकट. बारकोड वाचायचं यंत्र माझ्या खिडकीवर अजून यायचंय. मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी दिसली की मी ती बाजूला घेतो, वर फोन करून खात्री करतो, खणाचं कुलूप काढतो आणि छापील अक्षरांवर आडवा लाल शिक्का मारतो.

मावशींना औषध पुन्हा सुरू करायला डॉक्टरांनी बरेच महिने घेतले. आता दर महिन्याला येतात. मागच्या खेपेला पाकीट हातात घेऊन त्यांनी आधी लाल शाई पाहिली, मग गोळ्या मोजल्या. अडीचच्या आल्या होत्या, बऱ्याच दिवसांनी.

"कुठल्या वारी, मावशी?"

"बाजारच्या," त्या म्हणाल्या, आणि जाळीतून माझ्याकडे बघत थांबल्या. मी मान डोलावल्यावरच पिशवीचं तोंड बांधलं.